मडक्यातलं बी

हे घरात कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला कधी बोलले नाही, पोटच्या लेकीलाही नाही. आता माझी नातवंडं कॉलेजात जातात, तरी जीभ उचलत नाही. तुम्ही समोर नाही, म्हणून लिहायला जमतंय.

माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, शेवगावकडच्या आमच्या वस्तीवर शाळूच्या, म्हणजे रब्बीच्या पांढऱ्या ज्वारीच्या, बियाण्यासाठी ओळखल्या जायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, स्वतःचं तोंड मात्र तिखट. मामंजींशी दिवसाला चार शब्द, बैलांशी अखंड. हुरडा भाजला की तळहातावर चोळून, फुंकर मारून पहिली मूठ नातवंडांच्या तोंडात. आम्ही सुना बघत राहिलो की म्हणायच्या, "तुमाला द्येवानं हात दिलं न्हाईत व्हय?"

मी लांबण लावतेय. कळतंय मला.

शाळू काढायच्या आधी त्या एकट्या रानात शिरायच्या. एकेक कणीस अंगठ्यानं दाबून बघायच्या आणि मनाला पटेल तेवढंच खुडायच्या. ते बी वेगळं बडवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरून तोंड शेणामातीनं लिंपायचं. पेरणीपर्यंत त्या मडक्याला कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या वस्त्यांवरच्या बाया ते बी मागून न्यायच्या.

एका उन्हाळ्यात आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मागे माझा भाऊ आला — नव्या नवरीला घेऊन. घरात खायला हायब्रीड ज्वारी होती. भाकरी काळपट, घशात अडकणारी. माहेरी मी सासरच्या केवढ्या गोष्टी सांगितल्या होत्या! आता भावजयीच्या ताटात ही भाकरी वाढू?

मी मडक्याचं तोंड फोडलं. बी धुतलं, वाळवलं, जात्यावर दळलं. चार दिवस पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या थापल्या. भावजय म्हणाली, "वन्सं, असली भाकरी आमच्याकडं बी न्हाई." मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू?

पाहुणे गेल्यावर बघितलं तर निम्म्याहून जास्त बी संपलेलं. तेवढं हायब्रीड ओतलं, राखेत घोळलं, तोंड पुन्हा लिंपलं.

पेरणीच्या दिवशी आत्याबाईंनी ओटीतलं बी बोटांत फिरवलं. थांबल्या. "बी बारीक लागतंय गं हाताला."

तेव्हा सांगता आलं असतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, शेजारणीकडून बी आणून पेरलं असतं. मी काय म्हणाले? "आत्याबाई, घट्टं पडल्यात हाताला. आता काय कळतंय तुमाला?" पेरणीला आलेल्या सगळ्या बाया हसल्या. त्याही हसल्या. आणि पेरलं.

रान वर आलं ते सगळं वेडंवाकडं. ज्वारीचं एक ताट डोक्याच्या वर, शेजारचं कमरेएवढं. कणसं कुठं पांढरी, कुठं तांबूस. वाटेनं जाणारा बांधावर थांबायचा, "काय म्हातारे, दोन रानांचं बी एकात केलं का?" एरवी आत्याबाईंनी त्याला पळवून लावलं असतं. त्या दिवशी म्हणाल्या, "म्याच खुडलं हुतं. मलाच कळंना झालंय."

पुन्हा त्या कणसं निवडायला रानात गेल्या नाहीत. "आता तू बघ," म्हणाल्या. मी बी आणलं कुठून? त्यांनीच पूर्वी जिला दिलं होतं, त्या शेजारणीकडून. पीक झकास आलं. वस्तीनं माझं नाव घेतलं. सगळ्यांत जास्त कुणी घेतलं? आत्याबाईंनी. येईल त्या बाईला सांगायच्या, "सूनबाईच्या हाताला गुन हाय."

पुढं त्या थकल्या. एकदा उन्हात बसल्या होत्या, तेव्हा मी निवडलेली कणसं त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांत एक पोचट कणीस मुद्दाम घातलं होतं. का घातलं, मला सांगता येत नाही. त्यांचा अंगठा कणसांवरून फिरत गेला आणि नेमका तिथं थांबला. त्यांनी ते बाजूला काढलं. मग माझ्याकडे बघितलं आणि परत ढिगात ठेवलं.

"तू निवडलंय म्हंजी चांगलंच आसंल."

मी समोरच बसले होते. त्यानंतर आत्याबाई दोन वर्षं जगल्या.