कानसेनताईचा दुसरा अल्बम

कानसेनताईच्या घरात तो अल्बम लागला की मध्ये कोणी उठायचं नाही. पाणी प्यायचं असेल तर आधी, फोन करायचा असेल तर नंतर. एकदा फ्रँकफर्टहून आलेला तिचा आतेभाऊ तिसऱ्याच गाण्याला म्हणाला, "जरा पुढचं लाव ना." ताईने नुसतं पाहिलं. बिचारा शेवटपर्यंत मांडी घालून बसला. मग ती म्हणाली, "आरती अर्धी टाकून उठतोस का रे? हां, आता चहा." अल्बम संपल्यावरचं हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

अल्बम एका जपानी रॉक गायकाचा. गाणी तोच लिहायचा, तोच गायचा. त्याच्या पहिल्या अल्बमला कोणी विचारलं नव्हतं. हा दुसरा जपानभर गाजला. ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने तिला सीडी दिली आणि ताई त्यात बुडाली. जपानी अजिबात येत नव्हतं, पण शब्द न् शब्द पाठ. अर्थ विचारला की म्हणायची, "त्याचा गळा कुठे भरून येतो ते कळतं ना? मग झालं."

कानसेन हे नाव जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. तानसेन नाही तर कानसेन, तसं. ताई साताऱ्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. कार बनवणाऱ्या कंपनीत तिचं काम एकच, चालत्या गाडीत बसून कुरकुर शोधायची. डोळे मिटून ती सांगायची, "मागचं डावं दार, काचेच्या खाली." दार उघडलं की तिथे एखादी क्लिप सैल निघायचीच.

मी तिच्याकडे एका खोलीत भाड्याने राहायचे, विद्यापीठात शिकत होते. माझे बाबा कामगार संघटनेतले. पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले, त्यामुळे गाजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नसे. "जे खपतं ते विकलं गेलेलं असतं," मी तिला सुनावलं. ती हसली. "का गं कॉम्रेड, बाबांची पत्रकं लोकांनी वाचलेली चालत नाहीत का तुला? पहिल्या वेळी कुणी ऐकलं नाही, तरी हा पुन्हा गायला उभा राहिला. मला तेवढंच पुरतं."

आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असे. त्याला तिथे केरवोखे म्हणतात. "यातला केर तेवढा आपला," हा ताईचा दर पाळीचा विनोद. अशाच एका शनिवारी ती दार सताड उघडं ठेवून, अल्बम लावून पायऱ्या झाडत होती. आवाज इतका की भिंत थरथरत होती. तळमजल्यावरच्या शिस्तप्रिय आजी, आम्ही त्यांना ओमा म्हणायचो, कानांवर हात ठेवून वर आल्या. "त्सू लाउट! फार मोठा आवाज आहे!" ताई पाठमोरी झाडतच राहिली. ओमा पुन्हा ओरडल्या. मग त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि ताई केवढ्याने दचकली! ओमा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या हातातला झाडू घेतला आणि उरलेल्या पायऱ्या स्वतः झाडल्या.

ताईच्या दोन्ही कानांच्या नसा मरत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यंत्राने शब्द थोडेफार कळतील. सूर परत येणार नाहीत.

कोणाला कळायच्या आत ताईने ऑफिसात स्वतःच सांगून टाकलं. "गाडी माझ्या कानाच्या भरवशावर रस्त्यावर जाते. लपवू कशी?" तिला दुसऱ्या विभागात कागदी काम मिळालं. मी भडकले. म्हटलं, कामगारांच्या समितीकडे जाऊ, लढू, मी पत्रक लिहिते. तिने माझे ओठ नीट वाचले आणि म्हणाली, "लिही की. कोणाविरुद्ध? माझ्या नसेविरुद्ध?"

आयुष्यात पहिल्यांदा मला असा अन्याय भेटला, ज्याच्या दारात मोर्चा नेता येत नव्हता.

त्यानंतर ती अल्बम ऐकत नव्हती, साठवत होती. स्पीकरवर तळवा ठेवून रोज एक गाणं, पुन्हा पुन्हा, स्वतः गात. "आतमध्ये राहिला पाहिजे गं. मग बाहेर काही का होईना." आणि मला बजावायची, "सूर सुटला तर सांगायचं. माझं मन राखायचं नाही. तुमच्या पत्रकात खोटं चालतं का?"

नाही चालत, म्हटलं.

साताऱ्याला कायमची परत जाताना तिने सीडी माझ्या हातात दिली. "तुला ठेव. माझ्याकडे आहे," असं म्हणून कपाळावर बोट टेकवलं. विमानतळावर ती एकदाही रडली नाही. मीच रडले.

पुढच्या वर्षी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी सीडी तिच्यासमोर धरली आणि लावली. "कितवं?" तिने विचारलं. मी चार बोटं दाखवली. तिने डोळे मिटले आणि गायला लागली. शब्द सगळे बरोबर होते. सूर मात्र खाली, कुठल्या कुठे गेला होता.

तिने डोळे उघडले. "बरोबर?"

मला हो म्हणायचं होतं. पण वचन दिलं होतं. मी हात वर नेला, जरा चढव म्हणून. ती चढली. पुरेसं नाही. मी हात आणखी वर नेला. "अजून?" ती आणखी चढली, भलतीकडे गेली. माझा हात हवेतच राहिला. तिला तो दिसला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "तू ऐक. मी बघते."

मी ऐकत राहिले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत बसली, पाचव्या गाण्याला, सहाव्या गाण्याला, शेवटच्या गाण्यापर्यंत. तिच्या मागे कुणीतरी तिला जेवायला बोलवायला आलं. तिने हातानेच थांबवलं. मध्ये उठायचं नाही.

शेवटी मी डोळे पुसले, तेव्हा तिला कळलं, अल्बम संपला.

"हां," ती म्हणाली, "आता चहा."