दर्यात दिलेला दोर

आचोळ्याच्या बाजारात परवा एका टोपलीत तळहाताएवढीही नसलेली पापलेटं पाहिली. नुसती चांदी, अंगावर मांस धरायचं बाकी. "कवळी हायत ताई, घेवा," कोळीण म्हणाली. तिला तरी काय बोलणार? माझं डोकं मात्र सणकलं, आणि मन थेट वसईतल्या पाचूबंदरच्या एका नाखवाकडे, होडीच्या धन्याकडे, गेलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसई हिरवी राहावी म्हणून धडपडणारे आम्ही काही शिक्षक, बँकवाले, भुईगावचे वाडीवाले. समुद्राचं आम्हाला भारी कौतुक, पण ते किनाऱ्यावरून! नाखवाने आम्हाला पाण्यात नेलं. त्याची डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं, भरती-ओहोटीच्या ओढीवर भरणारं जाळं. दर्या देईल तेवढं घ्यायचं. बाहेरून येणारे ट्रॉलर मात्र तळ खरवडत जात, पिल्लांसकट, गाभोळीच्या माद्यांसकट. "ही पिल्ला गेली तं आमी काय खावाचा, पानी?" एवढंच तो विचारायचा. त्याच्या घरची चूल त्या डोलीवरच पेटत होती.

म्हणून एका सकाळी डोलकरांच्या होड्या आम्हाला घेऊन, पांढरी निशाणं लावून ट्रॉलरांच्या वाटेत रांगेने उभ्या राहिल्या. शिवी नाही, दगड नाही, नुसतं आडवं उभं राहायचं, असं नाखवाने बजावलं होतं. आम्हाला ओकाऱ्या होत होत्या, ऊन चढत होतं, पण ट्रॉलर थबकले होते. खरं सांगते, ऊर असा भरून आला होता की विचारू नका. एवढ्यात एका ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं. वाऱ्याने तो खडकांकडे ढकलला जाऊ लागला, आणि वरचा खलाशी सदरा हलवत दोर मागू लागला.

"मरू देत मेले, धडा मिळेल!" आमच्यातला एक बँकवाला ओरडला. नाखवा गर्रकन वळला. "दर्यान कोनी दोर मागला तं द्यावाचा. भांडन बंदरावर."

ट्रॉलर जड, एका होडीला ओढवेना. साऱ्या होड्या जुंपल्या आणि आमची रांग मोडली. बाकीचे ट्रॉलर सोबत्याची फिकीर न करता त्या मोकळ्या वाटेने आत शिरले, आमच्या डोळ्यांदेखत तळ खरवडू लागले. नाखवा दोर धरून तिकडे बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्या हंगामात त्याची डोल रिकामीच वर येत राहिली. आम्ही अर्ज केले, सभा घेतल्या, थकलो. त्याने होडी विकली. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो, आणि तितकीच मायाही दाटून येते. एवढं चांगलं वागून काय मिळवलंस रे बाबा?

काही वर्षांनी तो गेला. बंदरात मयत झालं की त्या दिवशी कोणी होडी लोटत नाही, ही तिथली रीत. चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, प्रार्थनाविधी, चालू असताना मागच्या बाकावर एक परका माणूस मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर त्यानेच ओळख सांगितली. दोर मागणाऱ्या त्या ट्रॉलरचा तो तांडेल, खलाशांचा म्होरक्या. "आमचे ट्रॉलर पण बंद आहेत आज," तो म्हणाला, "सगळे."

मी किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. नजर पोचेल तिथवर एक इंजिन वाजत नव्हतं. आमच्या साऱ्या खटपटींना जे कधी साधलं नाही, ते त्याच्या जाण्याने साधलं. काळ काही कोणासाठी थांबत नाही म्हणतात. तिथे तो एक दिवस थांबला होता. पिल्लं तळाशी निर्धास्त चरत असतील, असं मनात आलं आणि मला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत इंजिनं पुन्हा सुरू झाली.