दहावीच्या निकालातली सुगंधा

सुगंधा मोरे लांज्याच्या शाळेतून दहावी झाली ती १९७८ साली, बहात्तर टक्के मिळवून. पुढे रत्नागिरीला तिने नर्सिंग केलं. १९८५ मध्ये काशीनाथ साळवीशी लग्न झालं. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहिलं: रसिका. तिला कुणी विचारलं नाही. विचारायची रीत नाही. पेढे वाटले गेले आणि सुगंधा संपली.

मीरा रोडच्या दोन खोल्यांत रसिकाचा संसार सुरू झाला. भाईंदरच्या ज्या नर्सिंग होममध्ये ती लागली, तिथे सगळे तिला रसिकासिस्टर म्हणत. रेशनकार्डावरही तेच नाव चढलं. हाटकेशमधलं काशीनाथचं वर्कशॉप १९९३ मध्ये बंद पडलं, तेव्हा तिने आखातात जायचं ठरवलं. मस्कतच्या एका हॉस्पिटलसाठी एका एजंटने अंधेरीला मुलाखती ठेवल्या, त्यात तिची निवड झाली. पासपोर्ट निघाला रेशनकार्डावरून, म्हणजे रसिकाच्या नावाने. आता दहावीची आणि नर्सिंगची प्रमाणपत्रं खरी असल्याचा सरकारी शिक्का तेवढा बाकी होता.

शिक्का मारणाऱ्या कार्यालयातल्या कारकुनाने पासपोर्ट पाहिला, प्रमाणपत्र पाहिलं आणि दोन्ही खिडकीतून परत सरकवली.

"या सुगंधाबाई कोण?"

"मीच."

"तुम्ही तर रसिका. दहावी पास सुगंधाबाई झाल्यात. त्यांना घेऊन या, मग बघू."

रांगेतले दोघे-तिघे हसले.

तिने रीत समजावून सांगितली. त्याच्या घरातही तीच असणार, पण त्याने लग्नाचा दाखला मागितला. लग्न गावच्या मांडवात झालेलं, नोंदणी कुणी केली नव्हती. लग्नपत्रिका पुरावा म्हणून चालत नव्हती. लग्नानंतरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर चढत नाही, असं तिला सांगण्यात आलं. उरलं गॅझेट, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी नोंद, आणि त्याला काही महिने लागणार होते. एजंट महिनाअखेरपर्यंत थांबला. मग तिच्या जागी कोट्टायमची एक नर्स गेली. तीही लग्न झालेलीच होती, पण तिला घरात ज्या नावाने हाक मारत तेच नाव तिच्या निकालावर होतं.

काशीनाथ वाईट माणूस नाही. सगळ्या खिडक्यांवर तो तिच्याबरोबर उभा राहिला होता. त्या दिवशी घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मी प्रेमाने ठेवलं होतं गं ते नाव."

"मग हाक मारायला ठेवायचं होतं. कार्डावर कशाला चढवलंत? दहावीला तुम्ही बसला होतात?"

गॅझेटचा अर्ज भरताना तो सवयीने जुनं नाव सुगंधा, नवं नाव रसिका असं लिहायला लागला. तिने पेन काढून घेतलं आणि उलट लिहिलं. सासूबाई, मंदाबाई, दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. घराने दिलेलं नाव सून पुसायला निघालीय, असं त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं. शेजारच्या हंसाबेनलाही हिंदीतून सांगितलं.

पुढच्या वर्षी धाकट्या दिराचं, रोहितचं लग्न झालं. गॅझेट आलं होतं, नवा पासपोर्ट यायचा होता, आणि मस्कतहून पुन्हा बोलावणं आलं नव्हतं. नवी सून संजना बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. लक्ष्मीपूजन झालं, तांदळाचं ताट आलं. नाव मंदाबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. रोहितने बोटातली अंगठी काढली.

सुगंधाने संजनाला विचारलं, "तुझं बारावीचं सर्टिफिकेट कुठल्या नावाचं?"

"संजनाच," ती खाली मान घालून म्हणाली.

सुगंधाने ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि तांदूळ पातेल्यात ओतून धुवायला घेतले. मंदाबाई मागोमाग आल्या, तोवर तिने गॅस पेटवला होता.

"पाहुणे जेवायचेत अजून," ती म्हणाली आणि पातेलं शेगडीवर ठेवलं.