नाकतोड्यांची बशी

सरळ माणसाने हुशारी करायला घेतली की शेजाऱ्यांनी जरा जपून राहावं. आमचा बुलासिओ सरळ माणूस. तीस वर्षं त्याने म्पिगीच्या कॉफी सोलायच्या गिरणीत पोती मोजली, त्या खडखडाटात डावा कान घालवला, आणि निवृत्त झाला तो थेट माझ्या ओम्वेसोच्या, म्हणजे बियांच्या खेळाच्या, पटासमोर येऊन बसला. मीही निवृत्तच, शाळामास्तर. आमचं कुंपण एक, कुंपणातलं फणसाचं झाड एक, आणि त्या फणसांवरून भांडणही गेली तीस वर्षं एकच. त्याला जुळ्या मुली, म्हणून सारं गाव त्याला मानाने सालोंगो म्हणतं आणि त्याच्या बायकोला, पेरेपेत्वाला, नालोंगो. मी आपलं नावानेच हाक मारतो. जुळ्यांच्या वेळी सुईणीला सायकलवर बसवून मीच आणलं होतं, तेवढा हक्क मला आहे.

तर बुलासिओने एक खोली भाड्याने द्यायची ठरवली. आयुष्यात पहिल्यांदा. खोली घराला लागून, भिंत एक, दार तेवढं वेगळं. ती त्याच्या बहिणीची, अगाताची. लग्न मोडून आली आणि अठरा वर्षं तिथे राहिली. ती खोकली की भिंतीच्या अलीकडून पेरेपेत्वा विचारायची, "पाणी आणू का ग?" दोन वर्षांपूर्वी अगाता गेली. तिच्यामागे तिच्या केळीच्या बागेवरून भाऊबंदांनी जी भांडणं केली ती मी ऐकली आहेत, कारण कुंपण एकच, न ऐकून जातो कुठे. तेव्हापासून बुलासिओने आपल्या कुळीशी बोलणं टाकलं. लग्नाला नाही, मर्तिकाला नाही.

याचा काटा रुतायचा होता तो जानेवारीत. जुळ्यांतली थोरली, बाबिर्ये, कंपालात नोकरी करते. जानेवारीत मुलाकडची मंडळी ओळखीच्या समारंभाला येणार होती. त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीतून नवरा मुलगा ओळखून त्याला पुढे आणायचं काम मुलीच्या आत्याचं. आत्या म्हणजे बापाची बहीण, सख्खी नसेल तर कुळीतली. सख्खी मातीखाली आणि कुळीशी अबोला. पेरेपेत्वाने विषय काढला की बुलासिओचा उजवा कानही डावा व्हायचा.

"शहरात आत्या भाड्याने मिळते म्हणे," तो एकदा म्हणाला.

"मिळते ना. आणि बापही मिळतो का, बघून ये," पेरेपेत्वा म्हणाली.

भाडेकरू शोधायला त्याने सुलैती दलालाला सांगितलं. सुलैतीचे पाय सतत चालू आणि तोंड त्याहून चालू. अट मात्र बुलासिओने मला आधी सांगितली.

"आपल्या कुळीतला नको, मास्तर. परका नीट वागला नाही तर त्याला काढता येतं. भावाला कसा काढणार? उलट तोच मला काढेल."

"मग सरळ विचार, तुझी कुळी कोणती म्हणून."

"खोटं सांगतील. हल्ली लोक नावंसुद्धा चर्चमध्ये ठेवलेली तेवढी सांगतात, कुळीचं नाव नाही. तोंडाचं काय, ते काहीही बोलेल. पण आपलं देवक कोण खाईल?"

त्याच्या कुळीचं देवक नाकतोडा. ज्याचं जे देवक ते तो खात नाही, मग उपाशी मरायची वेळ येवो. दिवस नोव्हेंबरचे होते, हिरव्या नाकतोड्यांचे. चौकाचौकात पंख काढून, कांदा घालून परतलेले नाकतोडे मापाने विकत होते. बुलासिओची योजना अशी: खोली बघायला येईल त्याच्यासमोर नाकतोड्यांची बशी ठेवायची. खाल्ले तर परका. नाही खाल्ले तर नमस्कार, या आता.

मला योजना फार आवडली. माझं देवक मेंढी. साक्षीदार म्हणून मी रोज हजर राहणार आणि बशीत उरेल ते वाया जाणार नाही, असं ठरलं.

पेरेपेत्वा बशी आणून ठेवायची आणि कपाळाला हात लावून आत जायची. बुलासिओ स्वतः बशीकडे पाठ करून बसायचा, कारण घरात देवक शिजलेलं नसलं तरी आणलेलं होतं, आणि त्याचं मन त्याला खात होतं. त्यामुळे उमेदवाराशी तो बोलायचा ते भिंतीकडे तोंड करून, आणि खाल्ले का नाही ते मी खाकरून सांगायचं.

पहिला आला तो शेतखात्यातला कारकून. बशी बघून दचकला. त्याच्या पंथात किडामुंगी वर्ज्य. "कुठल्या कुळीचा?" तर म्हणाला हत्तीच्या. पण खाल्लं नाही ते नाही. "हत्तीचा असेलही," बुलासिओ नंतर म्हणाला, "पण खात्री काय?" खरं तर तसा स्वच्छ माणूस जन्मात मिळाला नसता. मी गप्प बसलो, बशी भरलेली होती.

मग एक तरुण जोडपं आलं. दोघंच, मूलबाळ नाही, आवाज नाही, असं सुलैतीने छाती ठोकून सांगितलं होतं. दोघांनी मनापासून खाल्ले. मी दोनदा खाकरलो. बुलासिओ किल्लीला हात घालणार, एवढ्यात त्या बाईने रुमाल काढून उरलेले नाकतोडे त्यात बांधायला घेतले.

"कुणासाठी ग?" आतून पेरेपेत्वाने विचारलं.

"पोरांसाठी, नालोंगो."

"किती आहेत?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छपराकडे पाहिलं. "पाच," ती म्हणाली, "पण तीन गावाला असतात. बहुतेक वेळा."

तिसरा देओ. जमिनी मोजणाऱ्याकडे कामाला, अंगात कोट, बुटाला चकाकी, बोलणं लोण्यासारखं. कुळी विचारली तर म्हणाला, पाणमांजर. बशी ठेवल्याबरोबर त्याने मूठभर नाकतोडे उचलले, तोंडात टाकले आणि वर गटागटा पाणी प्यायला. मग आणखी एक मूठ. नाकतोडा कुरकुरत खायचा असतो. हा माणूस ते तापाच्या गोळ्या गिळाव्या तसे गिळत होता. पण मला तेव्हा एवढंच दिसलं की बशी रिकामी होते आहे. मी खाकरलो, जरा रागानेच.

"सोमवारी सामान घेऊन या," बुलासिओ भिंतीला म्हणाला.

शनिवारी दुपारी आम्ही पट मांडून बसलो होतो तेव्हा एक बाई फाटकात आली. तिशीची असेल. हातात पत्र्याची पेटी, बोटांना तेलाचे डाग. सुलैतीनेच पाठवली होती, देओचं ठरलंय हे त्याला कळण्याआधी. ती शिंप्यांची यंत्रं दुरुस्त करायची, म्पिगीच्या बाजारातल्या ओसरीवर बसून. गुडघे टेकून तिने रीतसर विचारपूस केली, घरची, शेतीची, तब्येतीची, आणि नाव सांगितलं इमेल्दा किझ्झा. किझ्झा म्हणजे जुळ्यांच्या पाठीवरचं मूल, ते कुठल्याही कुळीत जन्मतं. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"खोली तर दिली," बुलासिओ पुटपुटला.

"किल्ली अजून खिशातच आहे ना? मग हिलाही बघा," पेरेपेत्वा म्हणाली आणि बशी आणून ठेवली.

इमेल्दाने बशीकडे पाहिलं. मग बुलासिओच्या पाठीकडे. मग माझ्याकडे. मी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला की बाई, वास तरी घे.

"हे मी खात नाही," ती म्हणाली.

"पथ्य आहे?" भिंतीकडून आवाज आला.

"नाही. माझं देवक आहे."

इथे बुलासिओने म्हणायचं होतं, नमस्कार, या आता. पण कुळीतलं माणूस समोर आलं की आमच्या लोकांची जीभ स्वस्थ बसत नाही. तो वळला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने कुणाचं तोंड पाहिलं.

"कुणाची तू?"

"अलिफोन्सीची मुलगी. अलिफोन्सी मातायोचा."

"कुठला मातायो? ढोल करणारा? एका डोळ्याने अधू?"

"तोच. माझे आजोबा."

बुलासिओने पटातल्या बिया हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. मातायो त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ. लहानपणी त्यानेच बुलासिओला पहिला ढोल दिला होता. पुढची नावं, पणजोबाचं, शाखेचं, मुळाचं, दोघांच्या तोंडून एकदमच आली. हिशोब सरळ होता. पिढी एक. ही बाई त्याची बहीण लागत होती.

"खोली दिली गेली," तो म्हणाला. "परवाच शब्द दिला."

"बरं, दादा," इमेल्दा म्हणाली. पेटी उचलली, पेरेपेत्वाला पुन्हा गुडघे टेकून नमस्कार केला आणि गेली. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

फाटक लागल्याबरोबर पेरेपेत्वा बाहेर आली. तिचा आवाज खाली गिरणीपर्यंत गेला असेल.

"देवाने आत्या दारात आणून उभी केली आणि ह्यांनी तिला नाकतोडे दाखवून हाकललं! अगाताच्या खोलीतून अगाताच्या बहिणीला! अहो, दोन आठवडे माझ्या घरात हा तमाशा चाललाय, मी तोंडातून शब्द काढला का?"

काढला होता, बराच, पण ते सांगायची वेळ नव्हती.

"भाऊबंदांनी बाग खाल्ली," बुलासिओ म्हणाला.

"तिने काय खाल्लं? बशीतला एक तरी नाकतोडा खाल्ला?"

एवढ्यात सुलैती आला. त्याला देओच्या सौद्यावरचा आपला एका महिन्याच्या भाड्याइतका वाटा हवा होता. आल्या आल्या तो माझ्याच बाजूला बसून बशीत हात घालू लागला.

"ती बाई निघून चाललेली दिसली. डोकं फिरलंय तिचं," तो म्हणाला. "पाठवताना दोनदा बजावलं तिला. म्हटलं, बाई, समोर बशी येईल. डोळे मिटून दोन खा, खोली तुझी."

बुलासिओने उजवा कान पुढे केला. "काय बजावलंस?"

"सगळ्यांनाच सांगतो मी, सालोंगो. धंदा आहे. नाहीतर गिऱ्हाईक कसं टिकायचं? ती म्हणाली, कळलं. आणि तरी खाल्लं नाही! तो देओ बघा. बिचारा घरी जाऊन ओकला, पण तुमच्यासमोर..." सुलैतीचा हात बशीतच थांबला.

"का ओकला?" मी विचारलं.

सुलैतीने इकडेतिकडे पाहिलं. पेरेपेत्वा दारात उभी होती, पळायला वाट नव्हती.

"तुमच्याच कुळीतला तो," तो हळूच म्हणाला. "पण खोलीची त्याला फार गरज होती हो."

बुलासिओचा चेहरा मी कितीतरी वर्षं बघतो आहे. अगाता गेली तेव्हा तो असा दिसत होता, आणि आज. त्याने एवढी हुशारीने चाळणी लावली होती आणि आपलं देवक गिळणाऱ्याला घरात घेत होता. जिला बशीचं सारं ठाऊक असून जिने हात लावला नाही, ती त्याने बाहेर घालवली होती. खरं सांगतो, मलाही लाज वाटली. बशीतले निम्मे मी खाल्ले होते.

"माझे बूट कुठे आहेत?" बुलासिओ म्हणाला.

आम्ही दोघं बाजारात गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओसरीवर इमेल्दा एका यंत्राच्या पोटात डोकं घालून बसली होती. बुलासिओ तिच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे मोडल्यासारखे वाजले.

"तुला बशीचं माहीत होतं."

"हो, दादा."

"मग दोन खायचे ना. मी भिंतीकडे तोंड करून होतो. मला काय दिसणार होतं?"

तिने स्क्रू तोंडातून काढला. "खाल्ले असते तर खोली मिळाली असती. मग रोज सकाळी तुम्हाला नमस्कार कुठल्या तोंडाने केला असता?"

बुलासिओला रडू आलं. भर बाजारात, शिंप्यांच्या समोर. त्याने ते लपवलं नाही. नंतर खिशातून किल्ली काढून यंत्रावर ठेवली.

"भाडं थकलं तर बहिणीलाही बोलेन हं मी."

"बोला. मीही बोलेन. पन्हाळ वाकडी आहे तुमची, मी फाटकातूनच बघितली."

"ती या मास्तरच्या फणसाने वाकवली," तो लगेच म्हणाला. फणस पन्हाळीवर पडतो तेव्हा तो माझा असतो, एरवी त्याचा.

सोमवारी देओ हातगाडीवर सामान घेऊन आला. बुलासिओ त्याला फाटकापाशीच भेटला, हात हातात घेतला आणि काही कडू बोलला नाही. "भाऊ, तुझी गरज मोठी असेल," एवढंच म्हणाला, "पण माझ्या घरात तुला जेवायला काय वाढू, हे मला कळत नाही." देओने मान खाली घातली आणि हातगाडी वळवली. दुसऱ्या दिवशी बुलासिओने शेतखात्यातल्या कारकुनाला गाठलं, इथे नकार मिळाल्यावर तो जी दुसरी खोली बघत होता ती देओला मिळवून दिली आणि त्या स्वच्छ कारकुनाला माझी मागची पडवी. मला न विचारता. मीही आता पहिल्यांदाच घरमालक झालो आहे.

डिसेंबरात बाबिर्ये घरी आली. वयाने इमेल्दाहून दोन वर्षांनी मोठी, अंगाने दुप्पट. इमेल्दा हात पुसत खोलीतून बाहेर आली. बाबिर्येने पिशव्या अंगणात ठेवल्या, त्या धुळीत दोन्ही गुडघे टेकले आणि म्हणाली, "आत्या, कशा आहात?"

पेरेपेत्वाने डोळे पुसले. बुलासिओ बहिरा असल्यासारखा पटाकडे बघत होता, पण बिया त्याच्या हातून सांडल्या.

"मी बरी आहे, पोरी," इमेल्दा तिला उठवत म्हणाली. ती तिला जेमतेम खांद्याला लागत होती. "आता तो मुलगा कोण, ते सांग. गर्दीतून त्याला पुढे आणायचं तर आधी मी त्याला बघणार. आपल्याच कुळीतला निघाला तर सगळंच फसेल."

"नाही हो आत्या, मी विचारलंय त्याला."

"तोंडाने सांगितलं असेल." मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, रविवारी तो येईल तेव्हा बाजारातून एक माप नाकतोडे आणा. आणि सुलैतीला यातलं काही कळता कामा नये."

मी दोन मापं आणली.