कुलपातलं मीठ

काशीदच्या पलीकडच्या कोळीवाड्यात नलूबाईच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. मासळी खारवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि जीभ तर त्या मासळीहून खारट. नवरा तुळशीराम प्रेशरनं गेला, बोट मुलाकडे, प्रीतमकडे आली. घरातला कारभार मात्र तिने सोडला नाही.

सून सुचिता आधी कामाला वाघ होती. मग तिला काय झालं कोण जाणे. टोपली उचलली की चक्कर, जेवण जाईना, अंग झडत चाललेलं. रंगही काळवंडला, पण दिवसभर उन्हात मासळी वाळत घालणाऱ्या वाड्यात रंगाकडे बघतं कोण? नलूबाईने परस्पर निदान करून टाकलं: अंगचोर!

त्यात एकदा सुचिता मिठाच्या पिंपाशी उभी राहून खडेमीठ तोंडात टाकताना सापडली. बायका मासळी साफ करत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत नलूबाई कडाडली, "काय गो, मीठ हाय ते बांगड्याला, तुझ्या जिभेला न्हाय!" बायका खो खो हसल्या. त्या दिवसापासून पिंपाला कुलूप, घरातलं मीठ कुलपाच्या कपाटात, चाव्या नलूबाईच्या कमरेला आणि सुनेच्या ताटात अळणी कालवण. "तुझा सासरा मिठानंच गेला," असं ती वर म्हणायची. खरं तर तिला सुनेची खोड मोडायची होती. प्रीतम बोटीवर, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आठवड्याभरात सुचिता वाळवणातच कोसळली.

अलिबागच्या दवाखान्यात सलाइन चढलं, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, तळहाताच्या रेषा पाहिल्या. दोन्ही काळसर. पुढे तपासण्या झाल्या आणि त्यांनी प्रीतमला समजावलं, "मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्यातली हार्मोन्स शरीरातलं मीठ-पाणी राखतात, प्रेशर आणि साखर फार उतरू देत नाहीत. हिच्या ग्रंथी थकल्यात, रंग काळवंडला तोही त्यामुळेच. मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून शरीर ते मागत राहतं. मीठ खात होती म्हणून इतके दिवस तग धरला. आता गोळ्या मात्र जन्मभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत." मग त्यांनी विचारलं, "मध्यंतरी मीठ बंद केलं होतं का कुणी?"

जमिनीने पोटात घ्यावं असं नलूबाईला झालं. वाड्यात कुणाला न भिणारी ही बाई मुलाची नजर चुकवून कमरेच्या चाव्या पदराखाली सारू लागली.

"मीच सोडलेलं," खाटेवरून सुचिता म्हणाली.

आणि नलूबाईने ते खोटं तसंच राहू दिलं. त्याची लाज तिला मीठ तोडल्याच्या लाजेहून जास्त वाटली.

गोळ्यांनी सुचिता हळूहळू उभी राहिली. घरी आल्यावर पहिल्यांदा तिघं एकत्र जेवायला बसली, तेव्हा नलूबाईने मिठाची बरणी आणून सुनेच्या ताटाशी ठेवली. सुचिताने हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि सासूकडे बघितलं.

"आई, घेऊ?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती भीती होती. प्रीतमचा घास हातातच राहिला. तो एकदा बायकोकडे, एकदा आईकडे बघत राहिला.

"मीच तोडलेलं रे मीठ," नलूबाई ताटाकडे बघत म्हणाली. "ती खोटं बोलली, माझ्यासाठी."

प्रीतमने बरणी उघडून बायकोच्या पानात मीठ वाढलं, आणि आईकडे न बघता जेवू लागला.