भिंगरीचे डोळे

आमच्या सासूबाईंना लाँड्रीत सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर भिंगरी मावशी, पाठीमागे नुसतीच भिंगरी. घरात मी त्यांना आई म्हणते, पण नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलंय हे मलाही कबूल आहे. त्या बसतच नाहीत. जेवताना मध्येच उठून खिडकी लावतील, परत येऊन दोन घास खातील, पुन्हा उठून तीच खिडकी उघडतील. कुणी पाहुणा आला आणि जरा रेंगाळला, तर त्याच्या हातातला रिकामा कप काढून घेतील, धुतील, पुसतील, फळीवर ठेवतील आणि मग त्याच्याकडे असं बघतील की तो बिचारा आपणहून चपला शोधायला लागतो. झोपेतही त्यांचे पाय हलतात. त्यांच्याबरोबर राहायचं म्हणजे पंखा सुरू असलेल्या खोलीत कागद सांभाळत बसण्यासारखं आहे.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला. मोठी शेड आहे. एका टोकाला धुलाईची यंत्रं धडधडतात, मध्ये गरम रोलर, त्यापुढे घड्या घालायची टेबलं आणि दुसऱ्या टोकाला रवानगीची खोली. तिथून दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या गाड्या भरतात. मी अभ्र्यांवर असते. आई रोलरवर असायच्या. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची आणि रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. जरा वाकडी गेली की चुणी पडते, आणि हात जरा पुढे गेला की भाजतो. आईंच्या जोडीला उभं राहायला बायका कचरायच्या. यांची चादर आत गेलीसुद्धा, आणि जोडीदारीण अजून टोक शोधतेय!

त्यांचे डोळे मात्र अधू. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनच. औषधाची बाटली असो, विजेचं बिल असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, त्या डोळे चोळायच्या आणि म्हणायच्या, "वाच गं तू, मला सगळं धुरकट दिसतं." मी वाचायची. पेपरातली बातमी, डब्यावरची तारीख, दारावर चिकटवलेली नोटीस. त्यांनी ऐकावं आणि मी वाचावं हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुठलाही कागद दिसला की माझं तोंड आपोआप सुरू व्हायचं.

मग एकदा मालकांनी लाँड्रीत डोळे तपासायचं शिबिर भरवलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, बाहेर रांग होती. आईंना त्यानं वरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. त्या म्हणाल्या, दिसत नाही. त्यानं भिंग बदललं. दिसत नाही. आणखी बदललं. तेच. शेवटी तो हैराण झाला आणि म्हणाला की चष्म्याचा उपयोग नाही, रोज थेंब घाला आणि यांना त्या गरम रोलरजवळ उभं करू नका. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं त्यांना टॉवेलच्या घड्यांवर बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः स्टुलावर.

त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं. दिवसभर स्टुलावर कोंडलेली भिंगरी संध्याकाळी घरात सुटायची. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, माझ्या हातातली सुरी घेऊन भाजी चिरायची आणि वर म्हणायची, "तू फार हळू चिरतेस." रात्री मी त्यांना समोर बसवून थेंब घालायची. तेवढा वेळ मात्र त्या निमूट बसायच्या, मान वर करून, एखाद्या लहान मुलीसारख्या.

आणि मग त्या संध्याकाळच्या बाहेर जायला लागल्या. मैत्रिणीकडे जाते, ती गुडघा शेकून देते, असं सांगायच्या. मला काही ते पटेना. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर वाहनांची झुंबड, फुटपाथ खणून ठेवलेला, आणि ही धुरकट दिसणारी बाई एकटी जाणार! त्या दाराबाहेर पडल्या की माझे कान रस्त्याकडे लागायचे. स्वयंपाकात लक्ष लागायचं नाही. बाहेर कुठे ब्रेक करकचला की मी गॅलरीत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई आहे ती. वाहनंच तिला घाबरत असतील." याला जन्मात कधी कसली काळजी वाटली नाही, सगळ्या काळज्या माझ्या वाट्याला.

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग निघाले. त्या पुढे, मी मागे. म्हटलं, पडल्याच तर उचलायला तरी असेन. त्यांनी पदर खोचला, समोरून येणाऱ्या दोन सायकलींच्या मधून सरळ पलीकडे गेल्या, खणलेल्या चरावरून अशी टांग टाकली की मी बघतच राहिले. मला तो चर ओलांडायला फळी शोधावी लागली. पुढे एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या बाजूचा जिना त्या भराभरा चढल्या. शेकायच्या गुडघ्यानं! वर खिडकी उघडी होती. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. पांढरा ट्यूबलाइट, फळा, बाकांवर मोठी मोठी माणसं. एक गवंडी, डोक्याला अजून सिमेंट लागलेलं. दोन धुणीभांडीवाल्या. आणि फळ्यापाशी आमच्या सासूबाई, हातात खडू, नाक फळ्यापासून चांगलं हातभर लांब. लिहीत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे अधू नव्हतेच! इतकी वर्षं मी या बाईला बिलं वाचून दाखवतेय, थेंब घालतेय, रस्ता ओलांडताना हात धरतेय. मी जिन्याखाली उभी राहिले. वर्ग सुटला, सगळे उतरले. आईंनी मला पाहिलं आणि पायरीवरच थबकल्या.

"तू इथं?"

"गुडघा कसा आहे तुमचा?" मी विचारलं.

आम्ही चालायला लागलो. त्या एरवीपेक्षा भरभर चालत होत्या आणि मी जवळजवळ धावत होते.

"मला फसवलंत तुम्ही," मी म्हणाले.

"हळू बोल. रस्ता आहे."

"कशासाठी पण?"

"तू शिकलेली आलीस घरात." त्या पुढेच बघत होत्या. "पहिल्याच आठवड्यात औषधाची बाटली माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, आई, बघा काय लिहिलंय. नवी सून, तिच्यापुढे काय सांगू, मला येत नाही म्हणून? दिसत नाही म्हटलं. मग तेच सांगत गेले."

"आणि डॉक्टरला?"

"तक्त्याच्या खालच्या ओळीवर माशी बसली होती, तीसुद्धा दिसत होती मला. पण त्या अक्षराला काय म्हणतात ते कुठे माहीत होतं? मागे रांगेत सगळ्या बायका उभ्या होत्या गं."

"मग ते थेंब?"

"झोंबायचे."

"मग घालून कशाला घेत होतात?"

"तू इतक्या मायेनं घालायचीस," त्या म्हणाल्या आणि आणखीच भरभर चालायला लागल्या. माझा राग तिथेच कुठेतरी रस्त्यात सांडला, पण मी तसं दाखवलं नाही. घरी जाईपर्यंत तोंड फुगवूनच ठेवलं.

नवऱ्याला काही सांगायचं नाही, असं ठरलं. मला मात्र पोटात ठेवणं जड जात होतं. आणि नेमकं तेव्हाच लाँड्रीत कळलं, की घड्या घालायचं यंत्र येणार. स्टुलावरच्या बायकांपैकी निम्म्या तरी घरी जाणार, आणि अधू डोळ्यांची बाई पहिली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. ही बाई कायमची घरी बसली तर? मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि माझी झोप उडाली. त्यांच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता. बाजूच्या खोलीत पाय हलताना ऐकू यायचे.

त्या संध्याकाळच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी यावर वाट काढली. त्यांचा स्वभावच तसा. शिकवलं आणि मोकळ्या झाल्या असं त्यांचं नव्हतं. त्या म्हणायच्या, नुसतं शिकवून सोडलं तर अक्षरं पुसून जातात, रोजच्या कामात पडली की टिकतात. म्हणून गोदामं, कारखाने, दुकानं फिरायच्या आणि आपल्या माणसांसाठी जागा मागायच्या. आमच्या रवानगीच्या खोलीतली बाई काम सोडून चालली होती. काम असं की गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचायची आणि कुठल्या दवाखान्याचा कुठला विभाग ते बघून गठ्ठा त्या ढकलगाडीत टाकायचा. दिवसभर पायांवर, सतत इकडून तिकडे. आईंसाठी याहून चांगलं काम कुणी मुद्दाम बनवूनही दिलं नसतं. बाईंनी वर्गात त्यांच्याकडून तेच शब्द गिरवून घेतले आणि एक दिवस थेट सुपरवायझरसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी अभ्र्यांची गाडी घेऊन तिथूनच जात होते.

सुपरवायझर सगळं ऐकून खूश झाला. "द्या की पाठवून. कोण आहे?"

"तुमच्याचकडे आहेत. टॉवेलवर."

"भिंगरी?" तो हसला. "अहो, तिला हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. शस्त्रक्रियेच्या चादरी जायच्या हॉटेलात. डॉक्टरांनी सांगितलंय."

बाईंनी वळून आईंकडे पाहिलं. आई टॉवेलकडे बघत होत्या. बाई शहाण्या, त्यांना काय ते उमगलं. "मी त्यांच्याशी बोलते," एवढंच म्हणाल्या. सुपरवायझर म्हणाला, उद्यापर्यंत सांगा, परवा दुसरी ठेवतोय.

त्या संध्याकाळी मी तोड काढली. "सोपं आहे," मी आईंना म्हणाले. "थेंबांनी गुण आला म्हणायचं. हळूहळू दिसायला लागलं. तपासू दे पुन्हा हवं तर, आता तक्ता वाचालच तुम्ही. कुणाला काही कळायचं नाही." मला माझ्या डोक्याचं भारी कौतुक वाटलं. आई उठल्या आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी सुपरवायझरच्या खोलीत गेलो. दार सताड उघडं, बाहेर टेबलांवर बायका डबे उघडून बसलेल्या. त्यानं वर पाहिलं.

"काय गं, सासू-सुना दोघी?"

"साहेब, आईंचे डोळे आता थेंबांनी—"

आईंनी माझं मनगट धरलं. रोलरवरच्या हातांची ती पकड. मी गप्पच झाले.

"माझे डोळे तेव्हाही चांगलेच होते," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नव्हतं."

बाहेर डब्यांचे आवाज थांबले. सुपरवायझरच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे डॉक्टरांना खोटं सांगितलंस?"

"हो. लाज वाटली."

"रोलरवरून काढलं, तेव्हाही बोलली नाहीस?"

"नाही."

मी त्यांच्या कानाशी लागले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "काय गरज होती? थेंबांनी बरे झाले म्हटलं असतं तर भागलं असतं ना!"

त्या वळल्या आणि कुजबुजायचं सोडून चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "का म्हणून? दिवसभर टॉवेलच्या घड्या घालून, मग तो जिना चढून, बोटं पांढरी करून शिकले मी. ते काय थेंबांच्या नावावर घालू?"

बाहेर कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

सुपरवायझरनं शेजारच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी उपटली आणि त्यांच्यापुढे धरली. कुणाचं तरी घाईघाईचं अक्षर होतं. माझ्या डोळ्यांनी ती केव्हाच वाचली, आणि सवयीनं माझे ओठ उघडले. मी ते दातांखाली धरले. जन्मात कधी काही न वाचणं मला इतकं कठीण गेलं नव्हतं. आईंनी बोट टेकवलं. "प्र," त्या म्हणाल्या. थांबल्या. बोट सरकलं. "सू... ती." कपाळावर घाम आला होता. आणि ती बाई एकदाही हलली नाही. दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले. "प्रसूती... वि... भाग. प्रसूती विभाग."

"फार वेळ लागला," सुपरवायझर म्हणाला.

"पहिलंच वाचलं तुमच्यापुढे. दुसरं द्या."

त्यानं दुसरं दिलं. मग तिसरं. तिसरं जरा लवकर आलं. त्यानं चिठ्ठ्या टेबलावर टाकल्या आणि खुर्चीत मागे रेलला.

"उद्या सकाळी रवानगीत ये. आठवडाभर बघतो. पण एखादा शब्द नाहीच लागला तर काय करशील? पुन्हा डोळे चोळशील?"

"नाही," आई म्हणाल्या. "विचारीन."