मेंबरीणबाईंचा उजवा हात

मेंबरीणबाईंचा उजवा हात खाली कमी आणि वर जास्त असे. बाजारात भाव विचारताना हात वर, शेतातल्या बायांना जेवायला बोलावताना हात वर, देवळात आरतीच्या वेळी सगळं गाव टाळ्या वाजवण्यात गुंतलेलं असताना यांचा एकटीचा हात वर. गावात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंना आशीर्वाद द्यायची भारीच हौस दिसते. तसं काही नव्हतं. बाई जनपद सभेच्या मेंबर झाल्या होत्या, आणि हात वर करणं हेच मेंबराचं काम, असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. हाती घेतलेलं काम अर्धवट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता; आम्ही भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात. जिल्हा परिषदाही यायच्या होत्या. तहसिलीगणिक एक जनपद सभा असे, आणि शाळा कुठे उघडायची, कुठली बंद करायची, कुठला मास्तर कुठे पाठवायचा, हे सगळं त्या सभेतले मेंबर हात वर करून ठरवत. त्या सभेत एखादी बाई नेमून घ्यायची असं ठरलं तेव्हा तहसिलीत मोठी पळापळ झाली. जिला विचारावं ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून आत जायची. आमच्या बाईंनी मात्र विचारायला आलेल्या माणसाला उलट एकच प्रश्न केला, "तठी बसाले खुर्ची भेटन का?"

मिळेल, तो म्हणाला.

"मंग येतो."

पिढ्यांपूर्वी माळव्यातून आलेल्या मोठ्या शेतकरी घराण्यातली ही थोरली सून. दहा एकरांची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, एकटीच्या देखरेखीखाली उरकणारी, धानाचं पोतं काखोटीला मारून ओसरीवर चढणारी. पण पुरुषांसमोर खुर्चीवर बसण्याचा योग पंचेचाळीस वर्षांत आला नव्हता. पुढे त्या मला म्हणाल्या होत्या, की मास्तरीनबाई, सभा म्हंजे काय असते ते मले मालूम नव्हतं, पन खुर्ची मालूम होती. आणि एवढं बोलून हसल्या होत्या. त्यांचं हसणं सुरू झालं की गोठ्यातल्या म्हशी चरायच्या थांबत. हे मी वाढवून सांगत नाही. मी पाहिलेलं आहे.

मी त्यांच्या गावच्या मुलींच्या शाळेची मास्तरीण. शाळा म्हणजे बाईंच्याच घराची छपरी. एका बाजूला नांगर-वखर, दुसऱ्या बाजूला फळा आणि मध्ये सतरा मुली. मी विशीतली, भंडाऱ्याहून आलेली, आणि गावची बोली ऐकून पहिले आठ दिवस भांबावलेली. बाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन मागच्या खांबाला टेकून बसायच्या. मला वाटायचं देखरेख करतायत. महिनाभराने कळलं, की सुपात तांदूळ तेच ते आहेत आणि बाई मुलींबरोबर बाराखडी गिरवतायत, तांदळात बोटाने. मी दुसऱ्या दिवशी सुपाशेजारी एक पाटी ठेवून दिली. ती त्यांनी उचलली, पदराने पुसली, आणि हात वर केला. "मले समजलं," असं त्या हाताचं म्हणणं होतं.

तर पहिल्या सभेची गोष्ट. सभेचं कामकाज हिंदीत. बाई घरी पोवारी बोलीत बोलत, माझ्याशी मराठीत आणि बैलांशी दोन्हींत. हिंदी त्यांना गोंदियाच्या बाजारापुरती येई. त्यांनी अध्यक्षांना आधीच विचारून घेतलं, की आपण करायचं काय? अध्यक्ष भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाईजी, जब मैं पूछूँ, बस हाथ ऊपर कर दीजिए." बाईंनी केला. एकूण अकरा ठराव होते, अकराही वेळा केला. पुरुष मंडळी कुणी हात वर करत होती, कुणी विड्या ओढत होती, कुणी बाजूच्याशी बोलत होती. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. समोरचा माणूस सगळ्यांसमोर काही मागतो आहे आणि आपण हात खाली ठेवायचा, हा त्यांच्या मते शुद्ध हलकटपणा होता.

सभेहून आल्या त्या गोंदियाची जिलेबी घेऊन. सतराही मुलींना वाटली. मला म्हणाल्या, अकराच्या अकरा पास करून आलो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे आठवलं की आज माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. कारण आठव्या दिवशी टपाल आलं. ठराव आठवा: हजेरी कमी असल्याकारणाने सदर मुलींची शाळा श्रावण अखेर बंद करण्यात यावी, आणि मास्तरणीची जागा सडकेपलीकडच्या गावच्या मुलांच्या शाळेस देण्यात यावी. सदर शाळा म्हणजे आमची. बाईंची छपरी.

पत्र मीच वाचून दाखवलं. बाई आधी हसल्या, कारण त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं तसंच तोंडावर राहून गेलं. सडक ओलांडून परगावच्या पोरांच्या शाळेत आमच्या मुलींना कुणीही धाडणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. श्रावण संपला की सतरा पाट्या चुलीमागे जाणार होत्या. आणि अठरावी सुपाशेजारची.

"म्याच मोडली ना जी शाळा," बाई म्हणाल्या. "याच हातानं. माझंबी पुस्तक अर्धंच राह्यलं."

त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. पण रडायला त्यांनी फार वेळ घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी बैलांची दमणी जुंपून आम्ही दोघी सभेच्या कचेरीत. तिथल्या बाबूने चष्मा पुसत सांगितलं, की वर गेलेला हात सभेच्या नियमात परत घेता येत नाही. एकदा वर म्हणजे वर. बाईंनी विचारलं, चुकून गेला असला तरी? तरी. झोपेत गेला असला तरी? बाबू म्हणाला, तरी. मात्र एक वाट होती. अर्ध्याहून अधिक मेंबरांच्या सह्यांचा कागद पुढच्या सभेच्या सुरुवातीला अध्यक्षांपुढे ठेवला, तर ठराव पुन्हा मताला टाकता येत होता.

पुढची सभा ऐन रोवणीत. धान पिकवणारा एकेक मेंबर आपापल्या बांधीत गुडघाभर चिखलात. घरी जावं तर शेतावर गेलेत, शेतावर जावं तर आताच घरी गेले. आठ दिवसांत आम्हाला तीन सह्या मिळाल्या, त्यातली एक माणूस आमच्याच गावी सासुरवाडीला आलेला होता म्हणून. मला तर रात्री स्वप्नातही सह्या दिसायच्या. बाई मात्र दिवसेंदिवस खुलत चालल्या होत्या. म्हणाल्या, आपन कायले हिंडून राहिलो? सभेच्या दिवशी सारे मेंबर आपल्याच बांधावरून जातेत.

खरंच होतं. शेजारच्या बिरसी गावाकडून तहसिलीच्या गावी जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाने बंद व्हायची, आणि सगळे लोक दमण्या अलीकडे सोडून बाईंच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पायी जायचे. आता आमच्याकडे रोवणीतली एक गंमत आहे. बांधावर कोणी पाहुणा आला, की रोवणाऱ्या बाया त्याच्या पायाशी परह्याची जुडी, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी, आडवी ठेवतात आणि काहीतरी कबूल करवून घेतल्याशिवाय उचलत नाहीत. आणि परहा ओलांडून जाणं धान पिकवणाऱ्या माणसाला जन्मात जमत नाही. लक्ष्मीला लाथ मारल्यासारखं ते. एरवी गूळ नाहीतर पानसुपारी मागतात. त्या दिवशी बाईंच्या शेतातल्या तीस बायांनी सह्या मागितल्या.

काय ती सकाळ! पाऊस भुरभुरत होता. एकेक मेंबर धोतर सावरत धुऱ्यावर चढायचा, की पुढे एक जुडी, मागे एक जुडी. बाया गाणं म्हणत पदर तोंडाला लावून हसायच्या. मी एका हातात दौत आणि दुसऱ्या हाताने कागदावर सूप धरून उभी. सही झाली की जुडी उचलायची आणि मेंबराला साखर द्यायची, हे काम माझ्या सतरा विद्यार्थिनींकडे होतं. काही मेंबर तर इतके खूश झाले, की सही झाल्यावरही मागे उभे राहून पुढच्याची मजा बघत बसले.

शेवटी आले छत्रीवाले. हे सडकेपलीकडच्या गावचे मेंबर, ज्यांच्या शाळेला माझी जागा मिळणार होती ते. उन्हाळ्यातही त्यांची छत्री सुटत नसे. दोन जुड्यांच्या मध्ये ते छत्री उघडून उभे राहिले. सही करणार नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, नोका करू, उभे राहा. ते तासभर उभे राहिले. परहा ओलांडायची त्यांची छाती होईना आणि सही करायचं मन होईना. अखेर त्यांच्यावाचून आमच्या सह्या पुऱ्या झाल्या आहेत असं मी मोजून सांगितलं, तेव्हा बाईंनीच वाकून जुडी उचलली आणि त्यांच्याही हातावर साखर ठेवली.

सभागृहात मागच्या बाकावर गावकऱ्यांत मी बसले. कागद अध्यक्षांपुढे गेला, ठराव पुन्हा मताला आला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाईंचं काहीतरी बिनसलं आहे. त्या नेहमीसारख्या ऐसपैस बसल्या नव्हत्या. नीट पाहिलं तर त्यांनी उजवा हात पदराने खुर्चीच्या हाताला करकचून बांधला होता. मी खुणेनं विचारलं, काऊन? त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हा हात इमानी नाही. विचारलं का वर जाते."

अध्यक्षांनी आधी विचारलं, शाळा बंदच ठेवावी असं कुणाला वाटतं? सही करणारा प्रत्येकजण काही मत देणारा नव्हता, आणि साखर खाऊन विसरणारेही होते. बरेच हात वर गेले. बाईंचा खांदा जागच्या जागी हिसके देत होता, पण गाठ पक्की होती. मग अध्यक्ष म्हणाले, आता शाळा चालू ठेवावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. बाई गाठ सोडायला लागल्या. पदर पावसाने भिजलेला. ओली गाठ सुटेना. दातांनी ओढली, सुटेना. डावा हात शुभकामाला चालत नाही, तो त्यांच्या मनातही आला नाही. बाबू हात मोजत मोजत त्यांच्यापर्यंत आला.

तेव्हा बाईंनी उठून खुर्चीसकट हात वर केला.

धानाची पोती उचललेला हात तो. लाकडी खुर्ची चार पायांसह हवेत. बाजूलाच छत्रीवाले बसले होते. डोक्यावर खुर्ची येते आहे म्हटल्यावर छत्री उघडायला वेळ कुठला? त्यांनी दोन्ही हात वर करून ती झेलली. बाबूने बाईंचं मत मोजलं, पुढे सरकला आणि छत्रीवाल्यांचंही मोजलं.

छत्रीवाले ओरडले, मी खुर्ची धरली आहे, मत दिलेलं नाही. बाबूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, वर गेलेला हात सभेच्या नियमात परत घेता येत नाही. सभागृह जे हसत सुटलं ते थांबेना. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी. "छत्रीवाले साहब का एक मत, बाईजी का एक मत," ते कसेबसे म्हणाले, "कुर्सी का मत नहीं गिना जाएगा." त्या एका मताने शाळा वाचली. छत्रीवाल्यांच्याच. शेवटी तेही हसायला लागले, कारण खुर्ची अजून त्यांच्याच हातात होती.

पुढे बाईंनी रोवणीच्या दिवसांत शाळेला सुट्टी देण्याचा ठराव आणला आणि हजेरीची कटकटच मिटवली. पुस्तकही पुरं केलं. ठराव आता त्या स्वतः वाचून घेत, अक्षराला अक्षर लावून, सबंध सभेला ताटकळत ठेवून, आणि मगच हात वर करत. बाजारातला आणि देवळातला हात मात्र तसाच राहिला. तो काही वाचून वर जात नसे.

सहा वर्षांनी सभेने तहसिलीच्या पार दुसऱ्या टोकाला मुलींची शाळा उघडायचं ठरवलं. तो ठराव बाईंचाच. तिथे कोणाला पाठवायचं, तर अनुभवी मास्तरीण एकच. माझ्या बदलीच्या ठरावाला बाईंनी हात बांधून घेतला होता, असं बाबूने मला सांगितलं. तरी ठराव पास झाला.

निघायच्या दिवशी सर्व्हिस मोटरपाशी सगळं गाव आलं. पहिल्या सतरांतल्या काहींच्या कडेवर मुलं होती. माझी ट्रंक टपावर चढली. सगळे हात हलवत होते आणि बाई पदरात हात गुंडाळून उभ्या. मी खिडकीतून म्हटलं, बाई, निदान आज तरी.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "वर केला का मंजुरी देल्यासारखं होते."

त्यांचं शेवटचं बोलणं ते. पुढे पत्रं यायची, मोठ्या वळणदार अक्षरांत, पण भेट झाली नाही. मोटर सुटली. मला इतकं रडू येत होतं आणि इतकं हसू येत होतं, की बाजूच्या म्हातारीने मला पाणी पाजलं. वळणावर मी मान बाहेर काढून मागे पाहिलं. गावाचे सगळे हात खाली आले होते. एकच वर होता.